वाटाड्या सक्तीचा, जबाबदारी कप्तानाची

मुंबई किंवा न्हावा शेवा बंदराकडे निघालेलं मोठं मालवाहू जहाज कुलाब्याच्या प्राँग्स दीपगृहाच्या बाजूला येऊ लागलं की वेग कमी करतं. बंदराची लहानशी लाँच त्याच्या कुशीला येऊन लागते. जहाजाच्या उंच भिंतीवरून दोरीची शिडी सोडलेली असते आणि त्या शिडीवरून एक माणूस वर चढतो. तो जहाज कंपनीचा नोकर नसतो, खलाशांच्या यादीत त्याचं नाव नसतं, कप्तानानं त्याला कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. पण थोड्याच वेळात जहाज कुठे वळवायचं, इंजिन किती जोरानं चालवायचं, टग कधी बांधायचे हे सगळं तो सांगू लागतो आणि सुकाणूवरचा खलाशी त्याचा प्रत्येक हुकूम मोठ्यानं परत उच्चारून पाळतो. हा बंदराचा पायलट.

त्याला घेणं न घेणं जहाजाच्या मर्जीवर नसतं. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्यातलं कलम ३१ सांगत होतं, की हे कलम लागू असलेल्या बंदरात २०० टन किंवा त्याहून मोठ्या जहाजानं पायलट किंवा बंदराचा अधिकारी बरोबर असल्याशिवाय आत यायचं नाही, बाहेर पडायचं नाही, एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावरही हलायचं नाही. इथवर ठीक. पण त्याच कलमाचं दुसरं पोटकलम पहिल्यांदा वाचणाऱ्याला चक्रावून टाकतं. पायलट सक्तीचा असला तरी जहाजामुळे किंवा ते हाकण्यातल्या चुकीमुळे जे नुकसान होईल, त्याला मालक आणि कप्तानच जबाबदार; जणू सक्ती नव्हतीच. म्हणजे माणूस बंदरानं पाठवायचा, त्याची फी जहाजानं भरायची आणि तो चुकला तर भरपाईही जहाजानंच द्यायची! हा कायदा ११७ वर्षं चालला. २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा बंदर कायदा आणला.

साहेबाच्या राज्यातला जुलमी कायदा, दुसरं काय, असं म्हणून मोकळं होता येत नाही. कारण खुद्द साहेबाच्या देशातला जुना कायदा याच्या नेमका उलट होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सक्तीचा पायलट जहाजावर असला की मालक सुटायचा. ज्याला मी निवडलं नाही, ज्याला मी नाही म्हणू शकत नाही, त्याच्या चुकीचं खापर माझ्या डोक्यावर का फोडता, असा मालकांचा युक्तिवाद. ऐकायला अगदी रास्त. १८६८ मध्ये ‘हॅली’ नावाच्या ब्रिटिश आगबोटीचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. शेल्ड नदीच्या मुखाशी सक्तीच्या पायलटच्या हाती असताना तिनं नॉर्वेच्या एका जहाजाला धडक दिली होती. तिथे लागू असलेल्या बेल्जियमच्या कायद्याप्रमाणे मालकाला भरपाई द्यावी लागत होती. प्रिव्ही कौन्सिलनं ती नाकारली: जे इंग्लंडच्या कायद्यात मिळत नाही ते परदेशी कायदा दाखवून इंग्लंडच्या कोर्टात मागता येणार नाही. नॉर्वेवाले हात हलवत परत गेले.

त्याच वर्षी अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे जवळपास तसंच प्रकरण होतं. न्यूयॉर्कहून बाहेर पडणाऱ्या ‘चायना’ या आगबोटीनं १८६३ मध्ये ‘केंटकी’ नावाचं जहाज बुडवलं होतं. पायलट सक्तीचा, चूक त्याची. पण न्यायालयानं बोजा ‘चायना’वर, म्हणजे प्रत्यक्ष जहाजावर टाकला. त्यामागचा विचार व्यवहारी होता. जहाज बुडालेल्या माणसाला ‘जा, पायलटकडून वसूल कर’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हातावर तुरी देणं. पायलटच्या घरादारासकट सगळं विकलं तरी एका जहाजाची किंमत निघणार नाही.

पुढे जगानं अमेरिकेचा कित्ता गिरवला. १९१० साली ब्रसेल्समध्ये जहाजांच्या टकरींबद्दल आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पाचव्या कलमानं ठरवलं, की टक्कर पायलटच्या चुकीनं झाली आणि तो पायलट सक्तीचा असला, तरी जबाबदारी टळत नाही. इंग्लंडनं १९१३ मध्ये तसा कायदा केला; मालक मंडळींना सावरायला वेळ हवा म्हणून ती तरतूद १९१८ पासून लागू झाली. आपलं कलम ३१ मधलं पोटकलम याच घराण्यातलं.

पैशाचा प्रश्न असा सुटला. पण ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवलं जातं त्या उंच खोलीत, हुकूम कोणाचा? इथे कायदा दोन गोष्टी वेगळ्या करतो. जहाज हाकणं पायलटकडे जातं. जहाजाचा ताबा कप्तानाकडेच राहतो. खलाशांच्या प्रशिक्षणाची आणि पहाऱ्याची आंतरराष्ट्रीय नियमावली स्पष्ट म्हणते, की पायलट जहाजावर असल्यानं कप्तान किंवा पहाऱ्यावरचा अधिकारी आपल्या कर्तव्यातून मोकळा होत नाही. पायलट चुकतोय असं वाटलं तर कप्तानानं हुकूम रद्द करायचा. हे कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात अनोळखी खाडीत, उलट्या प्रवाहात, जो माणूस तिथे वर्षानुवर्षं जहाजं आणतोय त्याला भर हुकुमात थांबवायला मोठी छाती लागते. घाईनं हस्तक्षेप केला आणि त्यातूनच अपघात झाला तर दोष कप्तानाचा. उशिरा केला तर दोष कप्तानाचाच. म्हणूनच पायलट वर आल्या आल्या दोघांनी बोलून घ्यायचं, ही पद्धत आता सगळीकडे पाळली जाते. जहाज किती खोल बसलंय, थांबायला किती अंतर लागतं, इंजिनात काही कुरबूर आहे का, हे कप्तानानं सांगायचं. प्रवाह कसा आहे, कुठल्या वळणावर किती वेग ठेवणार, टग किती, हे पायलटनं. घाईच्या बंदरांत हे बोलणं सह्या आणि चहापुरतं उरतं, ही या धंद्यातली जुनी तक्रार.

पायलटला जे ठाऊक असतं ते नकाशात पुरतं उतरत नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यात पाण्याची पातळी चार मीटरांहून जास्त फिरते. भांगाच्या दिवसांत फरक खूपच कमी. खोल बसणाऱ्या जहाजाला त्यामुळे वेळ साधावी लागते. त्यात आणखी एक गोम आहे. उथळ पाण्यात जहाज वेगानं चाललं की त्याच्या तळाखालून पाणी जोरानं मागे सरकतं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज नेहमीपेक्षा जास्त खोल बसतं. दर्यावर्दी याला ‘स्क्वाट’ म्हणतात. वेग दुप्पट केला तर हे खाली बसणं साधारण चौपट होतं. ७ ऑगस्ट १९९२ ला ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे जगप्रसिद्ध प्रवासी जहाज अमेरिकेत मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ पायलट बरोबर असताना खडकावर घासलं. वेग सुमारे २५ नॉट होता. स्क्वाट किती होईल याचा अंदाज चुकला आणि नकाशावरच्या खोल्या १९३९ च्या मोजणीतल्या होत्या. तो खडक नकाशात नव्हताच. पायलटही नकाशाइतकाच शहाणा असतो, कधीकधी.

आपल्याकडे या विद्येची खरी कसोटी हुगळीत लागते. समुद्रातल्या सँडहेड्सपासून कोलकात्यापर्यंतची वाट दोनशे किलोमीटरांहून लांब आहे. जगातल्या सर्वांत लांब पायलटेजांमध्ये तिची गणना होते. वाळूचे पट्टे जागा बदलतात, त्यामुळे गेल्या हंगामातली वाट या हंगामात खरी असेलच असं नाही.

त्या शिडीबद्दलही सांगायला हवं, कारण कायद्यानं तिच्यावर बारीक नजर ठेवली आहे. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या आणि त्याला जोडलेल्या नियमांप्रमाणे दोन पायऱ्यांमधलं अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर हवं. खालच्या चार पायऱ्या रबराच्या, कारण लाँच वर-खाली होताना लाकडी पायरी फुटते. शिडी गरगरा फिरू नये म्हणून ठरावीक अंतरावर कमीत कमी १.८ मीटर लांबीच्या आडव्या फळ्या. पाण्यापासून चढण नऊ मीटरांहून जास्त असेल तर नुसती दोरीची शिडी चालत नाही. वरच्या भागाला जहाजाचा तिरपा जिना जोडावा लागतो. शेजारी दिव्याचं लाइफबॉय, फेकायची दोरी आणि ब्रिजशी बोलणारा जबाबदार अधिकारी. एवढं सगळं लिहूनही शिडीवरून पडून पायलट मरतात. बहुतेक वेळा दोर जुना झालेला असतो किंवा शिडी डेकला भलत्याच ठिकाणी बांधलेली असते. पावसाळ्यात, रात्री, हेलकावणाऱ्या लाँचवरून त्या पहिल्या पायरीवर पाय ठेवणं हा या नोकरीतला सर्वांत धोक्याचा क्षण.

आता अलीकडचे अपघात पाहा. २००७ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत दाट धुकं असताना ‘कॉस्को बुसान’ हे कंटेनर जहाज बे ब्रिजच्या खांबाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर तेल पाण्यात गेलं. इलेक्ट्रॉनिक नकाशावरचे लाल त्रिकोण म्हणजे काय, यावर पायलट आणि चिनी कप्तान यांचं धड बोलणं झालं नव्हतं. पायलटच्या औषधांचा त्याच्या विचारशक्तीवर परिणाम झाला होता, असं चौकशीत निघालं. कप्तानानं त्याच्यावर नीट लक्ष ठेवलं नाही, असंही. त्या पायलटला दहा महिने तुरुंगवास झाला. अपघातासाठी पायलट गजाआड जाणं हे विरळाच.

२३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज आडवं झालं तेव्हा ब्रिजवर कालव्याचे दोन पायलट होते. जहाजावरचे २५ खलाशी भारतीय होते. कालव्याच्या नियमांत लिहिलंय, की पायलट असला तरी जबाबदारी कप्तानाची. जहाज सहा दिवसांनी सुटलं, पण भरपाईचा सौदा होईपर्यंत कालव्यानं ते कित्येक आठवडे अडवून ठेवलं. २६ मार्च २०२४ च्या पहाटे बाल्टिमोरला ‘डाली’ हे जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं. तेव्हाही दोन पायलट बरोबर होते आणि बहुतेक खलाशी भारतीय. वीज गेली, सुकाणू हातचं गेलं. नीट न बसलेली एक वायर त्याला कारण झाली, असा अमेरिकी चौकशी मंडळाचा निष्कर्ष आहे. पुलावर काम करणारे सहा मजूर गेले. पण पायलटनं वेळेत रेडिओवरून इशारा दिल्यामुळे पोलिसांनी पुलावरची वाहतूक अडवली होती. नाहीतर किती गाड्या पाण्यात गेल्या असत्या, कल्पना करवत नाही.

जबाबदारी कप्तानाचीच, या नियमाला ठळक अपवाद पनामा कालव्याचा. तिथे जहाजाच्या हालचालीचा ताबा खरोखरच पायलटकडे जातो आणि त्या बदल्यात कालव्याचं प्राधिकरण नुकसानीला काही प्रमाणात उत्तर देतं. अधिकार आणि जबाबदारी एकत्र, हा हिशेब मला जास्त सरळ वाटतो. उरलेल्या जगात पायलट आणि त्याला पाठवणारं बंदर यांची देणेदारी नगण्य ठेवलेली आहे. ब्रिटनच्या १९८७ च्या पायलटेज कायद्यानं पायलटची देणेदारी १,००० पौंड अधिक त्या फेरीची फी एवढ्यावर थांबवली. एकट्या माणसाला कोट्यवधींच्या दाव्याखाली चिरडू नये हे कळतं. पण बंदरानं फी घ्यायची, सक्ती करायची आणि हातही वर करायचे, हे कितीही जुनं असलं तरी न्याय्य नाही. विमा जहाजमालकाकडे असतो म्हणून बोजा त्याच्यावर, एवढंच याचं खरं कारण.

बंदराबाहेर पडलं की सक्तीचा अधिकार पातळ होतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाच्या मालकीचा. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं तो तसा ठरला. पण १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या समुद्र कायद्याप्रमाणे कुठल्याही देशाच्या जहाजाला त्यातून निरुपद्रवी वाट आहे. किनाऱ्यावरचा देश वाहतुकीचे नियम करू शकतो, पण जहाज कसं बांधावं, त्यावर किती माणसं असावीत, हे आंतरराष्ट्रीय नियमांपलीकडे जाऊन सांगू शकत नाही. सामुद्रधुनीत तर हात आणखी बांधलेले. इस्तंबूलच्या बॉस्पोरसमधून दररोज प्रचंड टँकर घरांच्या अंगणाजवळून जातात, पण १९३६ च्या माँत्रो करारात पायलट ऐच्छिक आहे. १९७९ मध्ये ‘इंडिपेंडेंटा’ हा रुमानियाचा टँकर तिथल्या दक्षिण तोंडाशी टक्कर होऊन पेटला आणि त्याचे ४३ खलाशी गेले. तरीही करारातला तो शब्द हलला नाही. ऑस्ट्रेलियानं २००६ पासून टॉरेस सामुद्रधुनीत पायलट सक्तीचा केला, तेव्हा अमेरिका आणि सिंगापूर यांनी आक्षेप घेतला. ऑस्ट्रेलियानं तोडगा असा काढला, की सामुद्रधुनीत जहाज अडवायचं नाही. पायलट न घेता गेलेलं जहाज पुढे कधी ऑस्ट्रेलियाच्या बंदरात आलं तर तिथे खटला भरायचा. चतुर डोकं.

पायलट असो वा नसो, पाण्यावर सगळ्यांना एक नियमावली लागू आहे: १९७२ चे टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम. ते १९७७ पासून अमलात आले आणि समुद्राला जोडलेल्या, जहाजं जाऊ शकतील अशा सगळ्या पाण्याला लागतात. त्यांची धाटणी रस्त्यावरच्या नियमांहून निराळी आहे. वाट कोणी सोडायची हे ते सांगतात, पण ज्याला वाट मिळाली त्यालाही सोडत नाहीत. समोरचा वळत नाही असं दिसलं की आपणही काही करायला हवं, आणि अगदी गळ्याशी आलं तर करायलाच हवं. ‘वाट माझी होती’ हा बचाव पाण्यावर पुरत नाही. टकरीनंतर दोष दोघांत वाटला जातो: सत्तर-तीस, साठ-चाळीस, ज्याची जितकी चूक तितकी भरपाई. पायलटच्या बाबतीत कप्तानाला जे सांगितलं, तेच हे दुसऱ्या शब्दांत.

टक्कर होणार का, हे ओळखायची खूण साधी आहे. दुसरं जहाज जवळ येतंय आणि होकायंत्रावर त्याची दिशा बदलत नाही, तर धोका आहे. भोंग्याचेही संकेत ठरलेले आहेत: एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय, आणि पाच किंवा जास्त म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही.

मुंबईच्या खाडीत नवव्या नियमाला फार महत्त्व आहे. अरुंद वाटेत प्रत्येकानं आपल्या उजव्या कडेनं जायचं. २० मीटरपेक्षा लहान बोटी, शिडाच्या होड्या आणि मासेमारी करणाऱ्या बोटी यांनी अशा वाटेतून जाणाऱ्या मोठ्या जहाजाची अडवणूक करायची नाही. मोकळ्या समुद्रात इंजिनावरच्या जहाजानं मासेमारी बोटीला वाट द्यायची असते. चॅनेलमध्ये, म्हणजे अशा अरुंद वाटेत, पारडं फिरतं. कोळी समाजाला हे जाचक वाटतं आणि त्यात तथ्य आहे, कारण ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळी लागली, तिथेच आज बंदराचं चॅनेल आहे. पण साडेतीनशे मीटरांचं जहाज चॅनेलबाहेर वळू शकत नाही, थांबूही शकत नाही, हे जाळ्याला समजावता येत नाही. भरपाई आणि पर्यायी जागा यांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो सुटायला हवा.

मुंबईच्या तोंडाशी काय होऊ शकतं हे आपण पाहिलंय. ७ ऑगस्ट २०१० ला न्हावा शेव्याहून निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारं ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रावर बाराशेंहून जास्त कंटेनर होते. त्यांतले सुमारे तीनशे समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती, शेकडो टन तेल सांडलं. दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. मुंबईपासून रायगडपर्यंत किनारा काळा पडला आणि लोकांनी मासळी खायचं सोडलं. सहा महिनेही झाले नव्हते तोच ३० जानेवारी २०११ ला नौदलाची युद्धनौका ‘विंध्यगिरी’ सायप्रसच्या ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टकरली, पेटली आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली. नशीब, माणसं वाचली. १८ डिसेंबर २०२४ ला तेवढं नशीब नव्हतं. गेटवेहून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट आदळली आणि पंधरा जण गेले.

या नियमांत जहाजाची व्याख्या फार रुंद आहे. पाण्यावरून वाहतुकीला वापरता येईल असं काहीही म्हणजे जहाज. टँकर जहाज, एलिफंटाची लाँच जहाज, तारकर्लीची स्कूबाची होडी जहाज आणि अलिबागच्या किनाऱ्यावर दहा मिनिटांसाठी भाड्यानं मिळणारी जेट-स्कीही जहाजच. चौफेर नजर ठेवायचा आणि सुरक्षित वेगाचा नियम तिच्या हँडलवर बसलेल्या पर्यटकालाही लागतो. मात्र तो नियम त्याला कोणी सांगितलेला नसतो. म्हणून सुट्टीत कोकणात गेलात आणि मुलांना अशा फेरीवर पाठवणार असाल तर आधी चालकाला विचारा: बोटी कुठल्या बाजूनं जातात, चॅनेल कुठून सुरू होतं, पोहणाऱ्यांची जागा कुठे संपते? लाइफ जॅकेट नुसतं अंगावर नको, बंद बांधलेले हवेत. यांतल्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, तर पैसे परत मागा आणि वाळूवरच बसा.